सोमवारची घंटा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पहिली माझ्याकडे. हिचा वर्ग.

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही आपली सातवीच बघा. पहिलीचं आम्ही कुणाकडे तरी देऊ." कुणाकडे तरी म्हणजे कुणाकडे? पहिली-दुसरी एकत्र बसवणार, आणि ही पोरं मागच्या भिंतीला टेकून वर्ष काढणार. मीच हट्ट धरला. हिने अर्ध्यावर सोडलेलं काम आहे. सोडलं कुठे — सुटलं हातातून. सातवीची भूमिती एका तरुण सरांकडे गेली. जाऊ दे.

पहिलीची मुलं एवढी बुटकी असतात हे आज कळलं. खडू घेऊन फळ्याकडे वळलो, तर मागून आवाज — "सर, बाई इतकं वर नाही लिहायच्या." खाली लिहिलं. "बाई इतकं बारीक नाही लिहायच्या." मोठं लिहिलं. "बाई आधी हसायच्या." तेवढं मात्र जमलं नाही.

घरी येऊन दोन कप चहा टाकला. दोन. दुसरा ओतून दिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

शिकवण्याचा मला गर्व होता. आज उतरला.

भूमितीच्या पद्धतीने गेलो. आधी व्याख्या, मग उदाहरण. हे अक्षर, ह्याचा आवाज हा, दहा वेळा म्हणा. पोरं म्हणाली, सुरात म्हणाली, माना डोलावत म्हणाली. मग तेच अक्षर शब्दात दाखवलं तर सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसली. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी पुढच्या बाकावरचा बडबड्या (खरं नाव हजेरीपटावर आहे, पण हाच शोभतो) म्हणाला, "सर, बाईंचा डबा आहे ना." खिडकीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात चिठ्ठ्या. हिच्या अक्षरातल्या. एकेका चिठ्ठीवर एकच वाक्य. ज्याला स्वतःहून एक अख्खं, कधीच न पाहिलेलं वाक्य वाचता आलं, त्याने व्हरांड्यातली शाळेची घंटा वाजवायची. मग तास कुठलाही असो, वर्ग कुणाचाही असो. हा हिचा नियम. वर्षभर शाळेत अवेळी घंटा वाजायची आणि सगळ्यांना कळायचं, पहिलीतलं एक पोर आज वाचायला लागलं.

मी वर सातवीत ऐन त्रिकोणात असायचो. वैतागायचो. घरी म्हणायचो, "तुझ्या घंटेने आज माझा काटकोन मोडला." ही म्हणायची, "मग जोडा उद्या. त्याला काय घाई आहे?"

हिने नेलेल्या वर्गातलं एकही पोर घंटा न वाजवता दुसरीत गेलेलं नाही. यंदा फक्त चौघांनी वाजवली आहे. बाकी सगळे राहिलेत.

एकही चिठ्ठी वाचली नाही. डबा बंद करून परत ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

घर खायला उठतं म्हणतात ते खरं आहे.

ही रविवारीच गेली. सकाळी चहा गाळता गाळता. गाळणं हातातच होतं. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. तिला नसेल.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, अर्धी शाळा होती. मी केव्हाच घरी आलो होतो. ही बरीच उशिरा आली. चेहरा असा खुललेला, की जणू कुणी काही बक्षीस दिलंय. म्हटलं, "एवढा उशीर?" चपला काढता काढता म्हणाली, "सोमवारी दुपारी चिडायचं नाही हं."

मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो होतो. म्हटलं, "बरं."

बरं! कशावर चिडायचं नाही, ते विचारलंच नाही. सोमवारी दुपारी काय होतं? कुणी येणार होतं घरी? तिने काही ठरवलं होतं? तिच्या पर्समध्ये पाहिलं, कपाटात पाहिलं. काही नाही. रुमाल, खडूचा तुकडा.

तिचं शेवटचं गुपित, आणि मी "बरं" म्हणून बसलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कुणीच काही शिकलं नाही. मीही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेवटची दहा मिनिटं ही रोज गोष्ट वाचून दाखवायची आणि नेमकी मध्येच थांबवायची, असं पोरांनी सांगितलं. आज वाचली. चार ओळी झाल्या नाहीत तोच दातपडी (पुढचे दोन्ही दात पडलेत, तरी सगळ्यात जास्त हीच हसते) म्हणाली, "सर, तुमचा वाघ पण तुमच्यासारखाच बोलतो."

"मग कसा बोलू दे?"

"वाघासारखा!"

मग डरकाळी फोडली. वयाची पन्नाशी उलटल्यावर, बंद दारामागे, पहिलीच्या वर्गात. दुसरीच्या बाई धावत आल्या — काय झालं, काय झालं. पोरं हसून हसून बाकाखाली गेली. मीही हसलो. आणि हसताना एकदम वाटलं, हे घरी गेल्यावर हिला सांगायचं. मग पुढचं वाचता येईना. मध्येच थांबवली गोष्ट. पोरांना वाटलं, नियमच पाळला.

एकटी खिडकीजवळची नाही हसली. डब्याशेजारीच बसते. तिला पोरं घुमी म्हणतात. ओठ घट्ट मिटून बसते, डोळे मात्र सगळीकडे. तिला वाचायला उभं केलं की मान खाली. एक अक्षर नाही. चिठ्ठी पुढे धरली तर चिठ्ठीकडे बघते, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे.

हळूहळू करू. एकेकाचं.

२ डिसेंबर, मंगळवार

हिची अक्षरांची वाट आता कळायला लागली आहे. अ-आ-इ-ई असं ओळीने हिने शिकवलंच नाही. आधी मोजकी चार-पाच अक्षरं, लगेच त्यांचेच शब्द. पोराला पहिल्याच आठवड्यात वाटलं पाहिजे की आपण काहीतरी वाचतो. मग एक काना, आणि त्याचे शब्द. मग एक मात्रा. जिन्याची एकेक पायरी. मी थेट गच्चीवरून हाका मारत होतो.

चिठ्ठ्या आता मीच लिहितो, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. हिच्या चिठ्ठ्या डब्याच्या तळाशी ठेवल्यात. त्या वाचायला माझ्यात बळ नाही.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात घंटेजवळ उभा राहिलो. दोरी पकडायची जागा गुळगुळीत झाली आहे. मुलांचे हात पोचत नाहीत, म्हणून ही त्यांना कमरेला धरून उचलायची. माझी कंबर साथ देत नाही. एक स्टूल आणून ठेवलंय. अजून कुणी चढलेलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या आत सगळ्यांची घंटा वाजली पाहिजे. एकही राहता कामा नये. हिचा नियम माझ्या हातून मोडला तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

७ डिसेंबर, रविवार

लेकीचा फोन. "बाबा, इकडे या राहायला. एकटे कशाला राहता तिकडे?" म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग बघू.

तिला विचारलं, "आई सोमवारी दुपारी काय करणार होती, तुला काही म्हणाली होती का?"

"बाबा, तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारताय." मग म्हणाली, "दवाखान्यात जाणार असेल. तुमच्या कमरेसाठी. तुम्ही चिडता ना डॉक्टरचं नाव काढलं की."

असेल. पण दवाखान्यात जायचं म्हणून कुणी एवढं खुलत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

घुमीवर ओरडलो. लिहितानाही लाज वाटते.

सगळा आठवडा तिच्यापुढे बसलो. गोडीत सांगितलं, चित्र दाखवलं, अक्षरांवर बोट फिरवलं, माझ्याबरोबर म्हण म्हटलं. हूं नाही की चूं नाही. शेवटी तोल गेला. "अगं, तोंड उघड ना! दगडाशी बोलतोय का मी?" ती रडली नाही. नुसती बघत राहिली, जशी मोठी माणसं लहान मुलाच्या हट्टाकडे बघतात तशी.

रडलो तो मी. घरी येऊन, बूट न काढता.

८ जानेवारी, गुरुवार

घंटा वाजली!

दातपडीने चिठ्ठी उचलली, बोट ठेवत ठेवत अख्खं वाक्य वाचलं — "आमच्या घरात काळी मांजर आहे." एकदाही अडखळली नाही. स्टुलावर चढली, "बाई उचलायच्या," असं एकदा बजावून घेतलं, आणि अशी दोरी ओढली की शिपाईमामा डबा खाता खाता उठून आले.

मोठ्या बाई दारात आल्या. डोळे पुसून गेल्या.

मी हसलो म्हणे. पोरं सांगत होती — सर हसले, सर हसले.

१३ जानेवारी, मंगळवार

काल दोन घंटा. आज तीन. बडबड्याची पण! तरुण सर वरून खाली आले आणि म्हणाले, "सर, हे रोज असंच चालणार का? माझा तास..." मी म्हटलं, सवय होईल.

आज चहा एकच कप टाकला. आणि टाकताना वाईट वाटलं नाही. मग वाईट वाटलं नाही म्हणून वाईट वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

सगळं फोल होतं.

दातपडीला म्हटलं, ये, आता पुढची चिठ्ठी वाच. माझ्या हातून चुकून भलतीच दिली गेली — तिने आधी वाचलेल्या चिठ्ठीसारखाच ह्या चिठ्ठीचाही कोपरा फाटलेला. तिने बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, "आमच्या घरात काळी मांजर आहे." चिठ्ठीवर लिहिलं होतं, "बाबा सायकल पुसतात."

बोट एकेका शब्दाखाली. अगदी मी शिकवल्यासारखं. नुसतं पोपटासारखं पाठ!

मग एकेकाला बोलावलं. ताजी चिठ्ठी समोर लिहून पुढे धरली. माझ्याकडे ज्यांच्या घंटा वाजल्या त्यांतल्या एकालाही वाचता येईना. चिठ्ठ्या कोपऱ्यांवरून, शाईच्या डागांवरून ओळखायची सगळी, आणि वाक्यं तोंडपाठ.

मी खुर्चीत बसलो. कुणावर ओरडलो नाही, ताकदच नव्हती. म्हटलं, "का रे असं केलंत?"

मग दातपडी म्हणाली, अगदी हळू — "तुम्ही सुट्टीत घंटेजवळ जाऊन रडता ना. आम्हाला खिडकीतून दिसतं. घंटा वाजली की तुम्ही हसता."

मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतोय. ही सहा-सात वर्षांची पोरं मला सांभाळत होती. मी रडू नये म्हणून त्यांनी वाक्यंच्या वाक्यं पाठ केली. ही असती तर एकेकाला पोटाशी धरलं असतं. मी नुसता मान खाली घालून बसलो आणि म्हटलं, "ठीक आहे. ही घंटा उसनी. शेजारून वाटीभर साखर आणतो तशी. आता खरी वाचून परत करायची."

"करू," म्हणाली सगळी. एका सुरात. सुरात म्हणण्यात तर पटाईतच आहेत.

२१ जानेवारी, बुधवार

रात्रभर एक प्रश्न. चिठ्ठ्या वर्गाबाहेर जात नाहीत. मग पोरांना त्या वाचून कुणी दाखवल्या?

वर्गात विचारलं. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. बडबड्या म्हणाला, "सांगायचं नाही असं ठरलंय." आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला. त्याच्यासाठी ही मोठीच शिक्षा.

ज्या चौघांनी हिच्या हातून घंटा वाजवली त्यांना विचारलं. नाही म्हणाले, आणि ती पोरं खोटं बोलत नाहीत. सातवीतल्या पोरांना विचारलं. नाही. शिपाईमामांना विचारलं तर ते दुखावलेच. "मी? सर, चष्म्याशिवाय मला घंटा दिसत नाही. अंदाजाने टोला देतो. चिठ्ठ्या कुठल्या वाचतोय!"

असो. त्यापेक्षा मोठी गोष्ट आज कळली, तीही पोरांकडून. मी सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावत होतो. "बाई मोठ्याने नाही वाचायला लावायच्या," दातपडी म्हणाली. "मनात वाचायचं. आणि मग करायचं."

"काय करायचं?"

"लिहिलं असेल ते."

आज पहिल्यांदा डब्याच्या तळाशी हात घातला. हिच्या चिठ्ठ्या. "खिडकी उघड." "दोन उड्या मार." "शेजारच्या मुलाला हसव." "फळा पूस." मोठ्याने वाचण्याची गरजच नाही. करून दाखवलं की वाचलं. इथे पोपटपंची चालत नाही. चालेल कशी? ही रोज नवी चिठ्ठी पोराच्या समोर लिहायची, मग डब्यात टाकायची, असं पोरं म्हणाली.

एवढी साधी गोष्ट. एकाच घरात राहून मी कधी विचारली नव्हती. वाचणं म्हणजे उच्चारणं नव्हे, हे मला भूमितीच्या वहीत कुणी लिहूनच दिलं नव्हतं.

चिठ्ठ्या परत ठेवताना सगळ्यांचा वास घेतला. नुसता पत्र्याचा वास येतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बडबड्याने मनातल्या मनात वाचलं (ओठ हलले, चालायचंच), उठला, आणि माझा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला. चिठ्ठीवर तेच होतं.

खरी घंटा. अशी वाजली की मला वाटलं, दोरी तुटते आता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दातपडीने उसनी घंटा परत केली. नवे दात येताहेत. पण नाव आता बदलत नाही.

पोरं एकेक करून वाचायला लागली आहेत. अडखळत, थांबत, परत मागे जात. पण खरं. व्हरांड्यातल्या पाट्या वाचतात, माझ्या पिशवीवरचं वाचतात, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचून दाखवलं — "सर, हे जेवणानंतर घ्यायचं आहे. तुम्ही आधी घेतलंत."

सगळ्या शाळेत आनंद आहे. मला होतो, आणि लगेच दुखतं. ज्याला सांगायचं ते माणूसच नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आता एकटी घुमी राहिली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पुष्कळ केलंत. पण तिला आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवू. त्यातच तिचं भलं आहे." आईला बोलावून घेतलं. आई शिवणकाम करते, बोटांना सुयांच्या खुणा. म्हणाली, "घरी सगळं येतं हो सर तिला. दुकानांच्या पाट्या वाचते, माझी मापं वाचून दाखवते."

मी मान डोलावली. घरी सगळं येतं, हे मला आजवर प्रत्येक आईने सांगितलं आहे.

मग ती म्हणाली, "मागे ठेवू नका सर. वर्गातली सगळी पुढे गेली तर ही बोलायचीच बंद होईल. आधीच बाई गेल्यापासून शाळेचं काही सांगत नाही." पदराने डोळे पुसले. "बाई असत्या तर..."

वाक्य पुरं केलं नाही. मी रोज पुरं करतो. बाई असत्या तर ही पोर केव्हाच वाचती झाली असती. दोष पोरीचा नाही. मोठ्या बाईंकडून परीक्षेपर्यंत मुदत मागून घेतली.

१० मार्च, मंगळवार

रोज घुमीसमोर नवी चिठ्ठी लिहितो. "माझ्या हातावर टाळी दे." "डबा वाजव." ती चिठ्ठी वाचल्यासारखी बराच वेळ बघते. मग घडी घालते, नीट, चार कोपरे जुळवून, आणि मला परत देते.

परीक्षा जवळ आली. रात्री झोप लागत नाही. हिचा इतक्या वर्षांचा नियम माझ्याच हातून मोडणार.

२१ मार्च, शनिवार

रात्र बरीच झाली आहे. तरी आजच लिहायला हवं.

अर्धी शाळा. सगळे गेले. घुमीची आई शनिवारी उशिरा येते, ती खिडकीजवळ दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मी सोमवारचं फळ्यावर लिहून ठेवत होतो. लिहिता लिहिता मध्येच हात थांबला. पुढचं सुचेना. कुणासाठी म्हणून नाही, नुसतंच लिहिलं गेलं — खाली, मोठ्या अक्षरात, आता सवयच झाली आहे — "मी फार दमलो आहे."

मागे फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज. वळून पाहिलं. घुमी माझी खुर्ची ओढत आणत होती. तिच्याहून उंच खुर्ची. माझ्या पायाशी आणून ठेवली.

"बसा," म्हणाली.

बसलोच. म्हटलं, "तुला वाचता येतं?"

होय म्हणून मान हलवली.

"केव्हापासून?"

"बाई होत्या तेव्हापासून."

मग ती बोलली. इतक्या महिन्यांत जेवढं बोलली नव्हती तेवढं बोलली. हळू, पण सरळ. त्या दिवशी पण शनिवार होता, म्हणाली. आई उशिरा आली. बाई माझ्याबरोबर थांबल्या. बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली. मी वाचली.

"काय होतं चिठ्ठीत?"

"‘माझ्या कानात काहीतरी सांग.’"

"मग काय सांगितलंस?"

"आई उशिरा आली तरी चालेल, असं सांगितलं."

बाईंनी तिला उचललं. घंटेपर्यंत नेलं. हात दोरीला लागला, आणि मग बाईच म्हणाल्या, आत्ता नको. शाळा रिकामी आहे, कोण ऐकणार? सोमवारी दुपारी वाजवू. सर वर शिकवत असतील, त्यांनासुद्धा ऐकू गेलं पाहिजे.

"मग सोमवारी शाळा बंद होती," घुमी म्हणाली. "मग बाई आल्याच नाहीत."

मी विचारलं, मला का नाही दाखवलंस वाचून? मी एवढा ओरडलो तुझ्यावर.

"तुम्ही लगेच घंटा वाजवायला लावली असती. मग बाईंचा सोमवार संपला असता."

चिठ्ठ्या घुमीच वाचून दाखवायची सगळ्यांना. त्यांना येत नव्हतं, म्हणाली, आणि तुम्ही घंटेजवळ उभे राहायचात. स्वतःची घंटा तिला देता येत नव्हती. म्हणून दुसऱ्यांच्या दिल्या.

दारात तिची आई येऊन उभी होती, तिला काही कळेना. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "परवा सोमवार आहे."

घुमीने खिडकीतून घंटेकडे पाहिलं. मग विचारलं, "तुम्ही उचलाल? स्टुलावर नाही."

"उचलेन."

२३ मार्च, सोमवार

दुपारी, वर सातवीला भूमिती चालू असताना, घुमीला उचललं. कमरेत कळ आली. घंटा वाजली. वरून तरुण सर बाहेर डोकावले, कपाळाला आठ्या घालून, अगदी मी डोकावायचो तसे.

अगं, मी नाही चिडलो.